शिकण्याचा हक्क आहे, सवड नाही : रायपूरच्या बांधकाम क्षेत्रापुढील प्रश्न

छत्तीसगड राज्याच्या स्थापनेला १ नोव्हेंबर २०२५ रोजी २५ वर्षे पूर्ण झाली. त्याच दिवशी नवा रायपूर अटल नगर येथे विधानसभेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. राज्याचा पाव शतकाचा प्रवास एका अर्थाने बांधकामाचाच प्रवास आहे. २०१२ मध्ये मंत्रालय जुन्या रायपूरमधून महानदी भवनात हलले. त्यानंतर रस्ते, वसाहती, शिक्षणसंस्था, रुग्णालये आणि क्रीडासंकुले उभी राहत गेली. डिसेंबर २०२३ मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने मंत्रिमंडळाच्या पहिल्याच बैठकीत प्रधानमंत्री आवास योजनेतील १८ लाख घरांना मंजुरी देण्याचा निर्णय घेतला. एवढी घरे बांधायची तर सिमेंट, पोलाद आणि निधी तर लागेलच. त्याहून अधिक निकड आहे ती काम जाणणाऱ्या हातांची. हे हात कुठे शिकतात, एकदा शिकल्यावर पुन्हा कधी शिकतात आणि रोजच्या धबडग्यात त्यांना शिकायला वेळ तरी कसा मिळतो, या प्रश्नांकडे मात्र अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

या प्रश्नाची चर्चा रायपूरच्या संदर्भात करण्यास विशेष कारण आहे. कौशल्य प्रशिक्षण हा नागरिकांचा कायदेशीर हक्क आहे, असे मान्य करणारे छत्तीसगड हे देशातील पहिले राज्य होय. २०१३ मध्ये राज्याने युवकांना कौशल्यविकासाचा अधिकार देणारा कायदा केला. १४ ते ४५ वर्षे वयाच्या व्यक्तीने अर्ज केल्यास ९० दिवसांच्या आत तिला प्रशिक्षणाची संधी उपलब्ध करून द्यावी, असे बंधन या कायद्याने शासनावर घातले. दंतेवाड्यात २०११ मध्ये सुरू झालेल्या आजीविका महाविद्यालयाच्या धर्तीवर पुढे अन्य जिल्ह्यांतही अशी महाविद्यालये निघाली. हक्काच्या बाबतीत हे राज्य इतरांच्या पुढे होते, यात शंका नाही.

तथापि, या कायद्याच्या रचनेत एक गृहीतक दडलेले आहे. शिकू इच्छिणारी व्यक्ती तरुण आहे, बेरोजगार किंवा अर्धबेरोजगार आहे आणि काही आठवडे वर्गात बसण्याइतका वेळ तिच्याजवळ आहे, असे हे गृहीतक होय. बांधकामावरच्या माणसाला ते लागू पडत नाही. त्याला काम आहे, हीच त्याची अडचण आहे. रोज सकाळी कामावर उभे राहावे तेव्हा संध्याकाळी मजुरी हातात पडते. १५ दिवसांचा वर्ग म्हणजे त्याच्या दृष्टीने १५ दिवसांची बुडालेली मजुरी. शिवाय वयाची मर्यादाही विचार करायला लावणारी आहे. बांधकाम कामगारांच्या कल्याणाच्या कायद्याने लाभार्थ्याचे वय १८ ते ६० धरले, तर कौशल्याचा हक्क ४५ व्या वर्षीच संपतो. ज्याच्या हाताखाली पाच-सात तरुण काम शिकतात, तो पन्नाशीचा मिस्त्री या हक्काच्या बाहेर राहतो.

‘बिल्डर’ म्हटले की मोठ्या गृहसंकुलांचा मालक डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात रायपूरसारख्या शहरातील बहुसंख्य घरे लहान ठेकेदार बांधतात. हा ठेकेदार बहुधा पूर्वाश्रमीचा मिस्त्री किंवा मुकादम असतो. एकाच वेळी त्याची दोन-तीन कामे चालू असतात. सकाळी मजूर गोळा करायचे, वाळू-गिट्टीची गाडी आली की नाही ते पाहायचे, सेंटरिंगवाल्याला फोन करायचा, घरमालकाने ऐनवेळी बदललेला जिना समजून घ्यायचा, संध्याकाळी मजुरी वाटायची आणि रात्री उधारीचा हिशेब लावायचा, असा त्याचा दिवस असतो. त्याच्या हाताखाली गवंडी, सळया बांधणारे, सुतार, नळजोडणी आणि वीजजोडणी करणारे कारागीर आणि त्यांच्याही खाली कुली व ‘रेजा’ असतात. रेजा म्हणजे बांधकामावर ओझी वाहणारी स्त्री. हा शब्द छत्तीसगडप्रमाणेच विदर्भातही परिचित आहे.

मजूर जिथे सकाळी कामाच्या प्रतीक्षेत उभे राहतात त्या जागेला रायपूरमध्ये ‘चावडी’ म्हणतात. महाराष्ट्रात चावडी ही गावकारभाराची जागा. मुंबईत अशा ठिकाणाला नाका म्हणतात, तर पुण्यात मजूर अड्डा. नाव कोणतेही असो, तिथला व्यवहार एकच असतो. दिवसापुरते काम, दिवसापुरती मजुरी आणि दिवसापुरतीच ओळख. उद्या हाच मजूर आपल्याकडे येईल याची ठेकेदाराला खात्री नसते. मग त्याला शिकवण्यासाठी त्याने खर्च का करावा? आणि उद्या दुसऱ्याच कामावर जायचे असेल तर मजुराने तरी या ठेकेदाराची पद्धत का शिकून घ्यावी? प्रशिक्षणाच्या अभावाला आळस किंवा अनास्था जबाबदार आहे, असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्याचे मूळ या दिवसापुरत्या व्यवहारात आहे.

नाइट फ्रँक आणि आरआयसीएस या संस्थांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातील बांधकाम क्षेत्रात सुमारे ७ कोटी १० लाख लोक काम करतात आणि त्यांपैकी ८१ टक्के अकुशल आहेत. येथे ‘अकुशल’ या शब्दाचा अर्थ सावधपणे घ्यावा लागेल. यांतील अनेकांना काम येते, परंतु ते कोणत्याही संस्थेत शिकलेले नसते. उस्तादाच्या हाताखाली पाहून-पाहून ते शिकलेले असतात. ओळंबा कसा धरावा, थापी कशी चालवावी, गुण्या कसा लावावा हे या परंपरेतून उत्तम येते. हाताची सफाई या परंपरेने टिकवली, हे तिचे मोठे योगदान आहे. ज्या गोष्टी उस्तादाच्या काळात नव्हत्याच, त्या मात्र या वाटेने येत नाहीत. बांधकामाचे साहित्य झपाट्याने बदलत असताना ही उणीव ठळकपणे जाणवू लागली आहे.

रायपूर परिसराकडे पाहिले तर या विसंगतीची तीव्रता लक्षात येते. शहराच्या सीमेवरील उरला आणि सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांत पोलादाचे कारखाने आहेत. बलौदाबाजार-भाटापारा, तिल्दा, जामूल हा पट्टा सिमेंटसाठी देशभर ओळखला जातो. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या कारखान्याने शेतीवर जगणाऱ्या परिसरातून औद्योगिक कामगारांच्या पिढ्या घडवल्या. रायपूरच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची सुरुवात १९५६ मध्ये झाली, ते २००५ पासून राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था म्हणून ओळखले जाते. थोडक्यात, साहित्य जवळ आहे आणि विद्याही जवळ आहे. परंतु ते साहित्य रोज वापरणारा गवंडी आणि ती विद्या यांच्यातील अंतर मात्र कायम आहे.

या अंतराचे एक साधे उदाहरण पाहू. स्लॅब टाकल्यावर सात दिवस पाणी मारावे, हा नियम बहुतेक गवंड्यांना तोंडपाठ असतो. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी तो योग्यच होता. आज बाजारातील बहुतेक गोण्या फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटच्या असतात. काँक्रीटविषयीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत, अशा मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस पाणी देण्यास सांगितले आहे आणि उष्ण व कोरड्या हवेतही १० दिवसांपेक्षा कमी चालत नाही. मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी तीन दिवसांचे पाणी वाचवले तर स्लॅब त्याच दिवशी पडत नाही. तो काही वर्षांनी गळू लागतो, सळया गंजतात आणि पोपडे सुटू लागतात. दोष सिमेंटवर जातो, ठेकेदारावर जातो किंवा नशिबावर जातो. नियम बदलल्याची बातमी गवंड्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, ही बाब कोणाच्याही ध्यानात येत नाही.

अशी उदाहरणे आणखीही देता येतील. काँक्रीटचे प्रमाण ठरवण्याविषयीचे मानक, आयएस १०२६२, हे २००९ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये सुधारण्यात आले. भूकंपरोधक बांधकामात कॉलमच्या रिंगांची टोके ९० अंशांत नव्हे, तर १३५ अंशांत आत वळवावी लागतात. वळवायला लागणारा वेळ थोडाच, पण हलक्या धक्क्यात आणि कोसळण्यात फरक पडतो तो याच वळणामुळे. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या वापरासाठी केंद्र सरकारने १९९९ पासून वेळोवेळी अधिसूचना काढल्या आणि कोरबासारखी वीज केंद्रे असलेल्या या राज्यात राखेच्या विटा सर्रास वापरल्या जाऊ लागल्या. भाजलेल्या विटेपेक्षा या विटेचे भिजवणे, सांधे आणि गिलावा यांचे तंत्र वेगळे आहे. हलक्या ब्लॉकांचे तंत्र त्याहून वेगळे. प्रत्येक बदल लहान आहे. परंतु वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या मिस्त्रीसाठी हे सारे बदल एकत्र आले की धंद्याचे स्वरूपच पालटते. म्हणून बांधकामात एकदा घेतलेले प्रशिक्षण पुरत नाही. ते सतत चालू राहावे लागते.

कायद्याने आता ठेकेदाराचे आणि विकासकाचे उत्तरदायित्वही वाढवले आहे. स्थावर संपदा कायदा, म्हणजेच रेरा, २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यातील कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेत, कारागिरीत किंवा दर्जात दोष आढळला तर तो विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. म्हणजे गवंड्याच्या हातून आज झालेली चूक पाच वर्षे विकासकाच्या खात्यावर राहते. प्रशिक्षणावरचा खर्च हा दानधर्म नसून व्यवहार आहे, हे पटण्यास एवढे एक कलम पुरेसे व्हावे. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना या कायद्यात नोंदणीची सक्ती नाही. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणारा सामान्य माणूसही या संरक्षणाच्या बाहेरच राहतो. ज्याला सर्वाधिक संरक्षण हवे तोच सर्वाधिक उघडा आहे.

येथे महाराष्ट्रातील एक अनुभव लक्षात घेण्यासारखा आहे. महारेराने २०२३ मध्ये स्थावर संपदा दलालांसाठी २० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा अनिवार्य केली. घर विकून देणाऱ्याला नियम माहीत असले पाहिजेत, हा त्यामागील विचार योग्यच आहे. परंतु मग घर विकणाऱ्याला परीक्षा आणि घर बांधणाऱ्याला मात्र काहीच नाही, ही स्थिती कशी समर्थनीय ठरते? छत्तीसगडच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने बेरोजगार तरुणांना लहान कामे मिळावीत म्हणून ‘ई’ श्रेणीची ठेकेदार नोंदणी सुरू केली. रोजगाराच्या दृष्टीने ते पाऊल स्वागतार्ह होते. मात्र नवख्या ठेकेदाराला काम देताना त्याच्यासोबत काही तासांचे शिक्षणही दिले गेले पाहिजे, हा मुद्दा त्यातून अधिकच अधोरेखित होतो.

प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. १५ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ‘पूर्वज्ञानाला मान्यता’ हा भाग आहे. काम येणाऱ्या कारागिराची चाचणी घेऊन, थोडे पूरक प्रशिक्षण देऊन त्याला प्रमाणपत्र द्यावे, अशी ही कल्पना आहे. जून २०२२ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण आणि नगर व्यवहार मंत्रालयाने बांधकाम कामगारांसाठी ‘निपुण’ हा उपक्रम जाहीर केला. एक लाखाहून अधिक कामगारांचे उद्दिष्ट असलेल्या या उपक्रमात सुमारे ८० हजार जणांचे प्रशिक्षण प्रत्यक्ष बांधकामाच्या जागेवर व्हायचे होते. पुण्यात बांधकाम व्यावसायिकांच्या क्रेडाई या संघटनेने ‘कुशल’ या नावाने बांधकामाच्या जागेवरच वर्ग घेण्याची पद्धत रुजवली. १ जानेवारी २०२१ रोजी पायाभरणी झालेल्या सहा ‘लाइट हाउस’ प्रकल्पांतही बांधकाम चालू असतानाच ती जागा अभियंते, विद्यार्थी आणि बांधकाम व्यावसायिकांना शिकण्यासाठी खुली ठेवण्यात आली होती. या सर्वांत एक समान सूत्र आहे. शिकणाऱ्याला वर्गाकडे नेण्याऐवजी वर्गच कामाकडे आणावा, हे ते सूत्र होय.

या सूत्राचा सर्वांत ठोस प्रयोग ग्रामीण भागात झाला. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रशिक्षण आखण्यात आले. त्यात प्रशिक्षणार्थी एखाद्या लाभार्थ्याचे खरे घर पायापासून छतापर्यंत बांधतात. शेवटी मूल्यमापन होते आणि प्रमाणपत्र मिळते. कागदावरचा सराव नाही, तोडून टाकायची नमुन्याची भिंत नाही. शिकता-शिकता एका कुटुंबाला घर मिळते. झारखंडमध्ये स्वच्छ भारत मोहिमेच्या काळात शौचालये बांधण्यासाठी महिलांना असेच कामावर प्रशिक्षण दिले गेले आणि ‘राणी मिस्त्री’ हे नाव देशभर पोहोचले. रायपूरच्या बांधकामांवर वर्षानुवर्षे घमेली वाहणाऱ्या रेजांसाठी या अनुभवाचा अर्थ मोठा आहे. कामाची जागा तीच, मालमसाला तोच, परंतु थापी हातात आली की स्त्रीची मजुरी आणि मान दोन्ही बदलतात. आजवर या बदलाला सर्वांत मोठा अडसर ठरली आहे ती शिकण्याच्या दिवसांची बुडणारी मजुरी.

मग रायपूरच्या ठेकेदाराला आणि कारागिराला वेळ कुठून मिळावा? कामाचे वेळापत्रक बारकाईने पाहिले तर तो अगदीच नाही असे म्हणता येत नाही. पहिला अवकाश वर्षाच्या चक्रात आहे. जूनच्या मध्यापासून पावसाळा सुरू होतो आणि उघड्यावरची कामे मंदावतात. परंतु हाच धानाच्या रोवणीचा काळ असल्याने अनेक मजूर गावी परततात. म्हणून शहरात राहणाऱ्या मिस्त्री, मुकादम आणि ठेकेदारांसाठी पावसाळी वर्ग आणि गावी परतलेल्यांसाठी रोवणी संपल्यानंतरचे, विकासखंड पातळीवरील वर्ग अशी विभागणी करावी लागेल. एकाच वेळापत्रकात सर्वांना बसवण्याचा आग्रह धरल्यास वर्ग रिकामे राहतील.

दुसरा अवकाश कामाच्याच स्वरूपात आहे. स्लॅब टाकल्यावर त्याखालचे टेकू लगेच काढता येत नाहीत. आयएस ४५६ नुसार साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबसाठी किमान सात दिवस आणि त्याहून अधिक अंतरासाठी १४ दिवस थांबावे लागते. मिश्र सिमेंट असेल तर हा काळ वाढू शकतो. ठेकेदार या काळात दुसऱ्या कामावर माणसे हलवतो, हे खरे. तरीही या थांब्यात मुकादम आणि मुख्य मिस्त्री यांना अर्धा दिवस मोकळा करणे अशक्य नसते. विशेष म्हणजे नुकत्याच टाकलेल्या स्लॅबखाली उभे राहूनच टेकू, पाणी आणि सळयांवरील आवरण यांविषयी उत्तम समजावून सांगता येते. तिसरा अवकाश रोजचा आहे. काम सुरू होण्यापूर्वीची १५ मिनिटे. मोठ्या कंपन्यांच्या बांधकामांवर सकाळची सुरक्षा-सूचना ही नेहमीची रीत असते. लहान कामावर ती पाळली तर महिन्यातून सहा तासांहून अधिक शिक्षण एकही मजुरी न बुडता होऊ शकते. मात्र उन्हाळ्यातील दुपारची विश्रांती हा ‘मोकळा वेळ’ समजून त्यावर वर्ग लादण्याची चूक करू नये. ती विश्रांती शरीरासाठी असते आणि ४५ अंशांच्या उन्हात तिची किंमत जिवाएवढी आहे.

वेळ सापडला तरी पैशांचा प्रश्न उरतोच. येथे निधी नाही, ही सबब मात्र टिकणारी नाही. १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकर बसवला आणि त्यातून कामगारांच्या कल्याणासाठी राज्य मंडळे स्थापन झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत हे कायदे समाविष्ट झाले असले तरी उपकराची व्यवस्था सामाजिक सुरक्षा संहितेत कायम आहे. मात्र स्वतःच्या निवासासाठीच्या बांधकामाला मिळणाऱ्या सुटीची मर्यादा पूर्वी १० लाख रुपये होती, ती आता ५० लाख रुपये झाली आहे. १९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम कामगारांच्या निधीविषयी दिलेल्या निकालात स्थिती स्पष्ट शब्दांत मांडली होती. देशभरात ३७ हजार ४०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमा झाली असताना कामगारांसाठी सुमारे ९ हजार ५०० कोटीच खर्च झाले होते. त्यानंतर केंद्राने तयार केलेल्या आदर्श कल्याण योजनेत कौशल्यविकासालाही स्थान मिळाले. या निधीतून प्रशिक्षणाच्या तासांची बुडालेली मजुरी थेट कामगाराच्या खात्यात भरली, तर शिकण्याचा हक्क खऱ्या अर्थाने हक्क होईल. मजुरीची भरपाई नसलेला प्रशिक्षणाचा हक्क म्हणजे भुकेल्याला दाखवलेले जेवणाचे निमंत्रण.

जेवणाचा उल्लेख येथे योगायोगाने आलेला नाही. छत्तीसगडमध्ये शहीद वीर नारायण सिंह श्रम अन्न योजनेतून श्रमिकांना पाच रुपयांत जेवण देण्याची केंद्रे चालवली जातात. शासनाची यंत्रणा मजुरापर्यंत, त्याच्या वेळेला आणि त्याच्या जागेवर पोहोचू शकते, याचा हा पुरावा आहे. जे अन्नाच्या बाबतीत शक्य झाले ते शिक्षणाच्या बाबतीत अशक्य का मानावे? चावडीवरच नोंदणी, तिथेच पुढील आठवड्याच्या वर्गाची माहिती आणि छत्तीसगडी भाषेत दहा मिनिटांचे प्रात्यक्षिक, एवढ्यानेही सुरुवात होऊ शकते. अभियंत्यांच्या भाषेतील पुस्तिका वाटून हे काम होणार नाही.

ठेकेदाराच्या बाबतीत प्रोत्साहन आणि बंधन या दोहोंचा तोल साधावा लागेल. न्यूझीलंडमध्ये परवानाधारक बांधकाम व्यावसायिकाला ठरावीक काळात आपले ज्ञान अद्ययावत ठेवल्याचे दाखवावे लागते. त्यात नियामक संस्थेचे तांत्रिक लेख वाचणे आणि प्रत्यक्ष कामावर काय नवे शिकलो याची उदाहरणे नोंदवणे यांचा समावेश असतो. ऑस्ट्रेलियाच्या तस्मानिया राज्यातही बांधकाम परवानाधारकांना दरवर्षी शिक्षणाचे ठरावीक गुण मिळवावे लागतात. भारतातील लहान ठेकेदारावर ही पद्धत जशीच्या तशी लादणे व्यवहार्य नाही. परंतु ‘कामावर शिकलेलेही शिक्षणच आहे, ते फक्त नोंदवले गेले पाहिजे’ हा तिचा गाभा आपल्या परिस्थितीला चपखल बसतो. ठेकेदाराच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना वर्षाला काही तासांचे प्रशिक्षण विचारात घेतले, सरकारी निविदांत प्रमाणित मिस्त्री असलेल्या ठेकेदाराला थोडे प्राधान्य दिले, तर बदल आपोआप सुरू होईल. शिक्षण घेतल्याने काम मिळते असे एकदा दिसले की उपदेशाची गरज उरत नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते दुर्लक्षण्याजोगे नाहीत. सक्ती आली की प्रमाणपत्रांचा बाजार सुरू होतो, हा पहिला आक्षेप. अनुभव पाहता ही भीती निराधार म्हणता येणार नाही. यावर उपाय म्हणजे परीक्षा कागदावर न घेता हातावर घेणे. २०२४ च्या आरंभी इस्रायलमधील नोकऱ्यांसाठी हरियाणा आणि उत्तर प्रदेशात सेंटरिंग, सळया वाकवणे, फरशी आणि गिलावा या कामांच्या चाचण्या झाल्या, तेव्हा उमेदवाराला प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागले. आपल्या माणसांची पारख परदेशातील मालकासाठी अशा काटेकोरपणे करता येत असेल, तर आपल्याच घरांसाठी ती का करू नये? दुसरा आक्षेप असा की सिमेंट कंपन्या गवंड्यांचे मेळावे घेतातच, मग शासनाने वेगळे काय करायचे? हे मेळावे उपयुक्त असतात, परंतु त्यांचा मूळ हेतू विक्रीचा असतो. आपल्या मालाव्यतिरिक्त अन्य विषय त्यांत अपवादानेच येतात.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. शिकलेला कारागीर निघून जाईल, ही ठेकेदाराची भीती आणि शिकलेला माणूस राज्याबाहेर जाईल, ही राज्याची भीती. बिलासपूर, जांजगीर, महासमुंद या भागांतून मजुरांचे स्थलांतर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. नागपूर, पुणे, मुंबई येथील असंख्य इमारतींच्या भिंतींत छत्तीसगडच्या हातांचे श्रम आहेत. परंतु याच वस्तुस्थितीकडे दुसऱ्या बाजूने पाहता येते. न शिकलेला माणूसही जातोच. तो फक्त बिगारी म्हणून जातो, कमी मजुरीवर राबतो आणि अधिक धोक्यात काम करतो. तो मिस्त्री म्हणून गेला तर त्याच्या घरी येणारा पैसा वाढेल आणि आपल्या शहरांतील भिंतीही मजबूत होतील. म्हणूनच रायपूरमध्ये मिळालेले प्रमाणपत्र नागपुरात आणि पुण्यातही ओळखले जाणे आवश्यक आहे आणि हा प्रश्न एका राज्यापुरता मर्यादित राहत नाही. ठेकेदाराच्या नुकसानीची भीती तर प्रशिक्षणाचा खर्च सामायिक उपकरातून झाल्यास बऱ्याच अंशी दूर होते.

महाराष्ट्राला या विषयाची किंमत वेगळ्या मार्गाने कळली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. त्या काळात गवंड्यांना नवे तंत्र शिकवावे लागले आणि गावोगावच्या स्त्रियांनी संवाद सहायक म्हणून घरमालकांना ते समजावून सांगितले. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेल्यानंतर ते शिक्षण आले. शिक्षणासाठी आपत्तीची वाट पाहावी लागू नये, एवढाच त्या अनुभवाचा धडा आहे. २०१६ च्या भारतीय मानकात रायपूरचा समावेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या, दुसऱ्या क्षेत्रात होता, हे समाधानकारक आहे. मात्र किल्लारीचा परिसरही त्या भूकंपापूर्वी कमी धोक्याचाच मानला जात असे, याचा विसर पडू नये.

आगामी काळात छत्तीसगडमध्ये लाखो घरे उभी राहणार आहेत. त्यांत राहणारी कुटुंबे ४०-५० वर्षे त्या छताखाली काढतील. त्या छताचे आयुष्य मुख्यमंत्र्यांच्या घोषणेवर किंवा सिमेंटच्या गोणीवरील छाप्यावर ठरणार नाही. सळयांखाली आवरण किती ठेवले, पाणी किती दिवस मारले, रिंग कशी वळवली यावर ते ठरेल. हे निर्णय रोज सकाळी चावडीवरून आलेली माणसे आणि घाईत असलेला ठेकेदार घेत असतात. २०१३ मध्ये छत्तीसगडने शिकण्याचा हक्क देऊन देशाला वाट दाखवली. आता त्या हक्काला वेळेची आणि बुडणाऱ्या मजुरीची हमी जोडण्याचे दुसरे पाऊल टाकण्याची संधीही याच राज्याला आहे. उपकराचा निधी आहे, जवळ तंत्रशिक्षणाच्या संस्था आहेत, चावडीपर्यंत पोहोचण्याचा अनुभव आहे. कामाच्या दिवसातील काही तास शिक्षणासाठी राखून ठेवण्याचा निर्णय मात्र अजून व्हायचा आहे.